हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत टाइप सिग्नेचर लिहायला सुरुवात कुठून करायची
कंपायलर टाइप स्वतःच ओळखतो हे खरंय, पण म्हणून सिग्नेचर, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे सांगणारी ओळ, टाळू नका, कारण चूक असते एका फंक्शनमधे आणि एरर येतो भलत्याच ठिकाणी. आधी टॉप लेव्हलची, म्हणजे दुसऱ्या कुठल्या फंक्शनच्या आत नसलेली, फंक्शन्स घ्या. जीएचसीआयमधे, म्हणजे हास्केलचा कोड लगेच चालवून बघायच्या टूलमधे, फाइल लोड करून कोलन टी (:t) आणि फंक्शनचं नाव टाकलं की टाइप दिसतो, तो फंक्शनच्या वरच्या ओळीत लिहायचा, आधी नाव मग दोन कोलन मग टाइप. डोळे झाकून चिकटवू नका मात्र, बऱ्याचदा तो हवा त्यापेक्षा जास्त जनरल, म्हणजे जास्त प्रकारच्या टाइप्सना चालणारा, असतो.

आता सरासरी बघा, लिस्टची बेरीज भागिले लेंग्थ. सिग्नेचर नसेल तर 'फ्रॅक्शनल इंट'चा इन्स्टन्स नाही, म्हणजे इंट या पूर्णांकाच्या टाइपला हा भागाकार चालत नाही, असला एरर येतो आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. तेच वर 'डबलची लिस्ट बाण डबल' (डबल म्हणजे दशांश संख्येचा टाइप) लिहिलंत तर कंपायलर सरळ सांगतो की डबल पाहिजे होतं आणि लेंग्थ इंट देतेय, मग लेंग्थच्या आधी पूर्णांकाला हव्या त्या संख्येच्या टाइपमधे बदलणारं फ्रॉमइंटिग्रल लावलं की झालं काम.

टाइपचा एखादा भाग सुचत नसेल तर तिथे अंडरस्कोर ठेवा, काय बसतं ते कंपायलरच सांगतो. एखाद्या फंक्शनच्या आतच व्हेअरखाली लिहिलेल्या छोट्या फंक्शन्सना मी सहसा सिग्नेचर देत नाही.