डिस्कच्या पोटातला हँडब्रेक: शू, स्प्रिंगा आणि केबल घरच्या घरी बदलायची असेल तर

इंदूरमध्ये राहून हँडब्रेक खराब झालाय हे कळतच नाही हो, सगळं सपाट आहे आणि जिथे थोडाफार चढ आहे तिथे आपण गाडी गियरमध्ये टाकून मोकळे होतो. मला कळलं ते महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर, देवदर्शनाला गेलो तेव्हा. उतारावर गाडी लावली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला, पाय काढला आणि गाडी आपली निघाली मागे. मागच्या सीटवर मावशी पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, ती ओरडली "अरे, चालली ना गाडी!" तेव्हा पाय परत ब्रेकवर गेला. मग चाकाखाली दगड लावून दर्शन.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली तर तो म्हणाला, "भिया, पीछे के पैड घिस गए". पॅड बदलले, हँडब्रेक होता तसाच. दुसऱ्याने केबल ताणून दिली, ओढल्यावर एकदम कडक लागायला लागला, मी खूश, आणि आठ दिवसांनी महूहून येताना मागून जळका वास. उतरून बघतो तर मागचं डावं चाक इतकं तापलेलं की जवळ हात नेववत नाही. म्हणजे आधी ब्रेक लागत नव्हता आणि आता सुटत नव्हता.

दोघांचंही चुकलं एकाच ठिकाणी. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागे डिस्क असली तरी हँडब्रेकचा त्या डिस्कच्या पॅडशी काही संबंध नसतो. मागची डिस्क मधे टोपीसारखी फुगलेली असते बघा, त्या टोपीच्या आत एक छोटा ड्रम ब्रेक लपलेला असतो, दोन बारीक शू (ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या दोन कमानी), तीन-चार स्प्रिंगा, शू कमी-जास्त पसरवणारा एक दातेवाला अ‍ॅडजस्टर आणि एक लिव्हर ज्याला केबल येऊन अडकते. पायाचा ब्रेक दाबला की डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर आणि त्यातले पॅड, हाताचा ओढला की आतले शू. आणि मुख्य गोष्ट म्हणजे शू आणि ड्रममधली फट त्या दात्यांवर लावायची असते, केबलचा नट सगळ्यात शेवटी. आधी केबल ताणली तर माझं झालं तसंच होतं.

आता तुमच्या गाडीत हेच आहे का ते आधी बघा. चाकामागे टॉर्च मारा. केबल जर सरळ कॅलिपरवरच्या एखाद्या लिव्हरला जाऊन अडकली असेल तर तुमचा हँडब्रेक कॅलिपरच्या पिस्टनमधूनच चालतो, तिथे शू नाहीतच, आणि त्यात पॅड बदलताना पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, क्लॅम्पने नुसता दाबला तर आतला स्क्रू खराब होतो. केबलच नाही आणि कॅलिपरवर मोटर आहे, आत बटण आहे, तर ते इलेक्ट्रॉनिक, त्याला स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय हात लावू नका. केबल डिस्कच्या मागच्या पत्र्यातून आत शिरत असेल तर पुढे वाचा, हे तुमच्यासाठी आहे.

गंमत अशी की हे शू झिजून फार कमी जातात, कारण ते लागतात तेव्हा गाडी उभीच असते. खराब होतात ते गंजाने. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की ड्रमला गंज चढतो, शूवरचं लायनर, म्हणजे त्याचा घासणारा थर, त्याला चिकटतं, मग आपण गाडी झटक्यात काढतो आणि लायनर पत्र्यापासून उखडून येतं. माझ्या उजव्या बाजूला हेच झालं होतं, लायनरचा अख्खा तुकडा आत पडलेला. म्हणून पावसात गाडी जास्त दिवस ठेवायची असेल आणि जागा सपाट असेल तर गियरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये ठेवून चाकाला गुटका (लाकडी ठोकळा) लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

सामान: चारही शू (दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एका बाजूचे नवे दुसऱ्या बाजूचे जुने असं नको), स्प्रिंगांचा आणि पिनांचा सेट, लिव्हरच्या क्लिप, लागत असेल तर केबल. सियागंज बाजारात फिरलात तर हत्यारं सगळी मिळतील, पार्टचं मात्र जुना शू हातात घेऊन जा किंवा गाडीचा चासी नंबर देऊन मागवा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन मापं येऊ शकतात. हत्यारांत जॅक, दोन स्टँड, गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना), चपटा आणि चौफुली पेचकस, लांब नाकाचा प्लास, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, ब्रेकसाठीचं जास्त उष्णता सहन करणारं ग्रीस. साधं चासी ग्रीस नका वापरू, तापलं की पातळ होऊन लायनरवर उतरतं.

गाडी सपाट जागी लावा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके किंवा विटा लावा, कारण आपण जो ब्रेक खोलणार आहोत तोच गाडी धरणारा होता. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, ह्यात मी कोणाचं ऐकत नाही.

हँडब्रेक पूर्ण खाली आणि आत दोन सीटमधल्या कन्सोलखालचा केबलचा नट पूर्ण सैल करा. चाक काढा. कॅलिपरचा ब्रॅकेट मागून दोन बोल्टांवर असतो, ते काढले की कॅलिपर पॅडसकट बाजूला होतो, त्याला तारेने सस्पेन्शनच्या मोठ्या स्प्रिंगला बांधून ठेवा, ब्रेक ऑइलच्या पाइपवर लटकू देऊ नका. पाइप खोलायचा नाहीये, म्हणजे हवा काढायची भानगडही नाही.

आता डिस्क. इथे माझा अर्धा रविवार गेला. काही गाड्यांत डिस्क दोन चौफुली स्क्रूंनी हबला धरलेली असते आणि ते स्क्रू गंजून असे बसतात की पेचकस फिरवला की डोकंच गोल होतं. आधी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून थांबा, चहा घ्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोड्याने ठोका, फिरतात. स्क्रू निघाले तरी डिस्क हलेना तर बहुतेक डिस्कमध्ये दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत गेलं की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. तरीही अडली तर आत शू ड्रमच्या कडेला अडकलेत. डिस्कच्या तोंडावर एक रबरी बूच असतं, ते काढा, डिस्क फिरवत भोक दात्यांसमोर आणा आणि पेचकसने दाते सैल बाजूला फिरवा. हातोडा मारायचाच असेल तर टोपीवर, रबरी, आणि जी डिस्क परत लावायची आहे तिच्या घासणाऱ्या भागावर नाही.

डिस्क निघाली की आत काळी पूड असेल. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने फुंकू तर मुळीच नका. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. मास्क लावा, क्लीनर मारून पूड ओली करा, फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून कचरा गाडीच्या घातक कचऱ्याच्या डब्यात टाका, इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, चार-पाच, वेगवेगळ्या बाजूंनी. आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडू नका, म्हणजे अडलं की तिकडे जाऊन बघता येतं, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी दिसेल. मी दोन्ही बाजू एकदम खोलल्या होत्या, शहाणपणा नडला. अ‍ॅडजस्टर डावीकडचा डावीकडेच राहू द्या, काही गाड्यांत दोन्हीचे आटे उलटे असतात.

क्रम असा: वरच्या दोन रिटर्न स्प्रिंगा (शू परत मागे खेचणाऱ्या) आधी काढा. त्या कडक असतात आणि सुटल्या की कुठे उडतील नेम नाही, चष्मा घाला. मला प्लासने जमेना तर सुतळीचा दुहेरी फास करून हुकात अडकवला आणि ओढून काढली, लावतानाही तीच युक्ती चालली. मग शूंमधला आडवा पट्टा निघतो. प्रत्येक शूला पत्र्यावर धरणारी एक पिन असते, मागून बोटाने पिन धरायची, पुढून छोटी स्प्रिंग दाबून पाव फेरा फिरवायचं, सुटते. आता शू पसरले की खालचा अ‍ॅडजस्टर आणि खालची स्प्रिंग हातात येते. मागच्या शूला लिव्हर असते, तिच्यातून केबलचं टोक काढा. ही लिव्हर नव्या शूवर चढवायची असते, तिची यू क्लिप पेचकसने उघडून, आणि परत लावताना क्लिप नवीन घालून प्लासने दाबून बंद करायची.

सगळं निघाल्यावर घाईघाईत नवे शू बसवायला जाऊ नका. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात त्या जागा बोटाने चाचपून बघा, तिथे खाच पडली असेल तर शू त्यात अडकत राहतो आणि मग कितीही अ‍ॅडजस्ट करा, ब्रेक नीट सुटत नाही. ड्रमच्या आतला गंज पॉलिशपेपरने काढा, खोल चऱ्या असतील तर डिस्कच बदला. ड्रमचा जास्तीत जास्त व्यास बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो, तेवढा झाला असेल तरी तेच. जुन्या लायनरची जाडी बऱ्याच गाड्यांत १ मिमीपेक्षा कमी चालत नाही, पण तेलकट किंवा उखडलेलं असेल तर जाडी कितीही असो, गेलंच. तेलकट असेल तर तेल कुठून येतंय ते आधी शोधा, नाहीतर नवे शूही महिन्यात तसेच.

केबल तपासायची सोपी रीत: टोक हाताने ओढा आणि सोडा. स्वतःहून सरकन मागे गेली तर ठीक, अडखळली तर बदला. वरचं आवरण फाटलं की पावसाचं पाणी आत जातं आणि आतली तार गंजते, मग तेल सोडून महिना-दोन महिने चालतं, त्यापुढे नाही. नवी टाकताना मागच्या पत्र्यातून केबल काढायला तिच्या टोकाचे पसरलेले पत्र्याचे कान एकदम दाबावे लागतात, प्लासने एक दाबला की दुसरा उघडतो, डोकं फिरतं. केबलवर १२ नंबरचा रिंग पाना सरकवा, सगळे कान एकत्र दबतात आणि केबल बाहेर. ही युक्ती मला आधी माहीत असती तर अर्धा तास वाचला असता. गाडीखाली केबल ज्या ज्या क्लिपांतून गेली होती त्याच क्लिपांतून न्या, सायलेन्सरपासून लांब.

जोडताना शू टेकण्याच्या जागांवर आणि अ‍ॅडजस्टरच्या आट्यांवर ग्रीसचा नुसता हात फिरवा, लायनरला ग्रीसचा हात लागता कामा नये. अ‍ॅडजस्टर पूर्ण आवळून छोटा करा म्हणजे डिस्क सहज चढेल. लिव्हरमध्ये केबल, अ‍ॅडजस्टर आणि खालची स्प्रिंग, पिना, पट्टा, वरच्या स्प्रिंगा, हा उलटा क्रम. शू दोन्ही बाजूंनी हाताने हलवून मधोमध आहेत का बघा आणि फोटोशी ताडून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क चढवा आणि चाकाचे दोन-तीन नट लावून हबला घट्ट धरा. केबलचा नट अजून सैलच. बुचाच्या भोकातून दाते फिरवा, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. मग उलटे सोडा, साधारण आठ दाते, पण गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यात दिलाय तोच आकडा धरा. डिस्क मोकळी फिरली पाहिजे, जेमतेम घासल्याचा आवाज आला तर चालेल. बूच परत लावा, नाहीतर पाणी आत. दुसरी बाजूही अशीच. कॅलिपर बसवून बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, आणि चाक लावायच्या आधी पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईपर्यंत. हे विसरलात तर पहिल्याच वळणावर पेडल खाली जाईल.

मगच आत बसून केबलचा नट. हँडब्रेक तीन-चार वेळा पूर्ण ओढून सोडा आणि मग थोडा थोडा नट आवळत खटके मोजा. भाच्याला सीटवर बसवलं होतं, तो "मामा, नऊ... मामा, आठ" करत होता आणि मी मागे चाक फिरवून बघत होतो. किती खटक्यांवर धरला पाहिजे ते गाडीच्या पुस्तकात असतं. पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, आणि ठरलेल्या खटक्यांवर दोन्ही सारखीच जाम झाली पाहिजेत. एकच जाम होत असेल तर केबलला हात लावू नका, दुसऱ्या बाजूच्या दात्यांकडे परत जा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा सोडल्यावर विझतोय ना तेही बघा. चाकाचे नट गाडी खाली घेऊन टॉर्कने, माझ्या गाडीला १०८ न्यूटन मीटर लागतं.

नवे शू लगेच पूर्ण धरत नाहीत, बसवावे लागतात. सकाळी लवकर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ५०च्या स्पीडने बटण दाबून धरत हँडब्रेक हलका ओढा आणि साधारण ४०० मीटर तसेच चला. सोडा, थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. बटण दाबलेलं असू द्या म्हणजे गडबड झाली तर लगेच सोडता येईल. पाऊस पडत असेल तर हा प्रकार दुसऱ्या दिवशी.

माझी पहिली बाजू साडेतीन तास, दुसरी पाऊण तास. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर खटके परत मोजा, एखादा वाढतो, तेव्हा परत दाते तपासून मगच केबलचा नट. आणि पहिले दोन-तीन दिवस गाडी लांब चालवून आल्यावर मागच्या दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका नुसता जवळ न्या, एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं वाटलं तर त्या बाजूचे दोन-तीन दाते अजून सोडा.