बांधावर मारवेल कसं लावायचं

मराठवाड्यात सोयाबीन वाढलं, ज्वारी घटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. गोठ्यात देवणी असो की लाल कंधारी, उन्हाळ्यात दावणीला टाकायचं काय, हा घोर दरवर्षी असतोच. मारवेल हे चाऱ्याचं गवत मुळात आपल्याच काळ्या रानाचं, आणि एकदा लागलं की वर्षानुवर्षं टिकणारं. तरीही बांध पेटवून ते जाळलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

आधी गवत नीट ओळखा. श्रावण-भाद्रपदात ते गुडघ्याच्या वर येतं. तुरा जांभळट, हाताची बोटं फाकावीत तसा. खात्रीची खूण मात्र पेरावर: तिथं पांढऱ्या केसांचं कडं असतं. कुसळी हे त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं गवत, पण तिच्या तुऱ्याला एकच कणीस येतं आणि पिकल्यावर त्याची कुसळं एकमेकांत गुंततात. ती मेंढ्यांच्या तोंडाला टोचतात, म्हणून ठोंब (लावायला मुळांसकट फोडलेले गवताचे झुबके) काढताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

जमीन काळी, मध्यम ते भारी हवी. गोदाकाठचे बांध आणि ओढ्याकडेच्या पट्ट्या याला उत्तम, थोड्या चोपण (खारवट, चिबड) जागीही ते तग धरतं. बालाघाटाच्या उथळ, मुरमाड माळावर मात्र मारवेलचा हट्ट नको. तिथं शेडा, पवन्या, डोंगरी हीच गवतं लावावीत.

बांधासाठी बियाण्यापेक्षा ठोंब कधीही बरे. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई करू नका. जमीन वीतभर ओली झाली आणि पाऊस लागून राहिला, की जुनं, निरोगी बेट खणून काढा. शेंडे छाटून ठोंब वीतभर उंचीचे ठेवा आणि दोन-तीन काड्या मुळांसकट राहतील असे फोडा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. लागण फसते ती बहुतेक वेळा इथंच: ठोंब उन्हात ट्रॉलीत पडून राहतात आणि मुळं सुकतात.

बांधावर दोन ओळी घ्या, ओळीत ३० सेंमी अंतर, आणि दुसऱ्या ओळीतले ठोंब पहिलीच्या फटींसमोर येऊ द्या. १०० मीटर बांधाला सुमारे ६७० ठोंब लागतील. सलग रानात ६० × ३० सेंमी अंतर धरलं, तर एकरी २२ हजारांच्या पुढे जातात. बुडाशी माती पायानं घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की ठोंब पिवळा पडतो. तीन आठवड्यांनी तुटाळ भरा, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावा. पाणी असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले मारवेल-०६-४०' लावा. कोरडवाहू बांधाला मात्र शिवारातलंच, उन्हाळे काढलेलं बेट घ्यावं.

गायरानासाठी बी लागतं. यंदाचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते. दिवाळीच्या सुमारास गोळा केलेलं बी कोरड्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्यात वापरा. तुऱ्यात दाण्यांची जोडी असते: कुसळ असलेल्यात बी भरतं, देठाचा बिनकुसळाचा वांझ असतो. म्हणून कुसळवाले १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण मोजा, नुसतं वजन पाहून फसू नका. एकरी दोन-तीन किलो बी बारीक, ओलसर मातीत कालवून पेरा. एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर कोंब वर येत नाही.

पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद ठेवा. मुळं धरायच्या आधी जनावर ओढतं आणि ठोंब समूळ निघतो, शेळ्या तर एकही ठेवत नाहीत. गाजरगवत फुलायच्या आत उपटा. आणि सर्वांत महत्त्वाचं, सोयाबीनवरची फवारणी. गवतवर्गीय तणांसाठी मारतात ते क्विझालोफॉप मारवेललाही मारतं. बांधालगतच्या शेवटच्या दोन ओळी वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून फवारा किंवा तेवढ्या हातानं खुरपा. गवत रानात सरकेल अशी भीती असेल, तर बांधालगत दरवर्षी नांगराची एक सरी काढा.

कापणी निम्मे तुरे बाहेर पडले की. बी पिकेपर्यंत थांबलात तर काडी जरड होते आणि जनावर ती दावणीत मागं टाकतं. बुडापासून आठ-दहा सेंटीमीटर ठेवून कापा, जमिनीला खेटून कापलं तर फुटवे कमी येतात. कापणीनंतर ओल असेल तर एकरी २०-२५ किलो युरिया द्या. ओल नसेल तर देऊच नका. दुसरी कापणी पावसाच्या परतीवर अवलंबून. कापलेलं गवत दोन दिवस उन्हात उलटंपालटं करून, हिरवट रंग असतानाच पेंड्या बांधा. पेर मोडून पाहा: कडकन तुटलं तर गंजीला तयार, नुसतं वाकलं तर आणखी एक ऊन द्या, नाहीतर गंजी आतून तापून बुरशी धरते.