ट्रॅकवर हौसेला गाडी पळवायची असेल तर आधी ब्रेक ऑईल, मग पॅड

आपल्याकडं एखाद्यानं ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर हौसेनं पळवायच्या दिवसाला, जायचं ठरवलं की पहिले एअर फिल्टर येतो, मग एक्झॉस्ट, मग कुणीतरी रिमॅपचं (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायचं) डोक्यात घालतं, आणि ब्रेकचं काय केलं म्हणून विचारलं तर "सर्व्हिसिंगला चेक केलेत की, मस्त लागतात" हे उत्तर ठरलेलं. लागतात ना, जालना रोडच्या सिग्नलला लागतातच. ट्रॅकवर मात्र स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीत सगळ्यात आधी ब्रेकच हात टेकतात, इंजिन नाही.

हे लिहायलोय ते रोजचीच गाडी घेऊन वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. स्विफ्ट, पोलो, आय ट्वेंटी असल्या गाड्या, पुढं डिस्क, मागं बहुतेक ड्रम. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठूनही निघालात तरी कोइंबतूरचा करी स्पीडवे, चेन्नईजवळचं मद्रास सर्किट किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, तिन्ही हजार किलोमीटरच्या आसपास नाहीतर त्याच्या वरच. म्हणजे ज्या पॅडवर ट्रॅक मारायचा त्याच पॅडवर जायचंय आणि त्याच पॅडवर रात्री सोलापूरकडनं परत पण यायचंय. पुढचं सगळं याच हिशोबानं वाचा.

ट्रॅकवर नेमकं काय होतं ते आधी. पेडल दाबलं की ब्रेक ऑईल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं आणि तो पिस्टन पॅडला चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणं, आणि ही उष्णता वेगाच्या वर्गात वाढते, वेग दुप्पट तर उष्णता चौपट. ६० वरून गाडी पूर्ण उभी करताना जेवढी उष्णता निघते त्याच्या जवळपास साडेचारपट १४० वरून ६० वर येताना निघते. गावात असलं ब्रेकिंग दिवसातून एकदाही होत नाही, ट्रॅकवर दर लॅपला (एका फेरीला) दोन-तीनदा होतं आणि मधी डिस्क गार व्हायला काही सेकंद मिळतात. बुद्धला मागची सरळ रेघ किलोमीटरभर लांब आहे, तिच्या शेवटी वेग भयंकर असतो पण तोवर ब्रेकला वारा तरी लागलेला असतो. करी छोटा आहे, दोनेक किलोमीटरचा, तिथं वेग कमी पण वळणावर वळण, ब्रेक गारच होत नाहीत. कन्नडचा घाट उतरताना पुढच्या ट्रकचा जळका वास काच बंद असली तरी आत येतो ना, तोच वास पिटमधी, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबवतात तिथं, आपल्या गाडीचा येतो.

आता ब्रेक जातात ते दोन प्रकारानं, आणि कोणता प्रकार झाला ते पायालाच कळतं. पेडल टणक आहे, जागेवर आहे, तुम्ही जीव खाऊन दाबायलात तरी गाडी थांबेना, म्हणजे पॅड तापलेत. पॅडमधला रेझिन (पॅडचा मसाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जळतो, त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मधी येतो आणि पकड सुटते. याउलट पेडल मऊ पडलं, नेहमीपेक्षा खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, म्हणजे कॅलिपरपाशी ऑईल उकळलंय. द्रव दाबला जात नाही म्हणून पेडलचा जोर पिस्टनपर्यंत जातो, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो. पॅड जायला लागले तर अंदाज येतो, प्रत्येक वळणाला थोडं थोडं जास्त दाबावं लागतं. ऑईल तसं सांगून जात नाही, मागच्या वळणाला सगळं ठीक आणि या वळणाला पाय फ्लोअरला. म्हणून पैसे कमी असतील तर पहिले ऑईल, कामून की भारी पॅड टाकून ऑईल जुनंच ठेवलं तर उलट जास्त धोका, चांगला पॅड जास्त उष्णता सहन करतो म्हणजे तुम्ही जास्त उशिरा आणि जास्त जोरात ब्रेक मारणार आणि ती सगळी उष्णता त्या जुन्या ऑईलला जाणार.

ऑईलच्या बाटलीवर दोन उत्कलनबिंदू असतात, ड्राय आणि वेट. ड्राय म्हणजे नवं कोरं, वेट म्हणजे त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावरचं. ऑईलच्या प्रतीला डॉट नंबर असतो, डॉट ३ ला कमीत कमी २०५ आणि १४० डिग्री लागतात, डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. हा फरक नीट बघा, पाणी शोषलेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा पण खाली उकळू शकतं. आता कुणी म्हणेल आपण मराठवाड्यातले, इथं प्यायला पाणी नाही तर ब्रेक ऑईलमधी कुठून येणार! पण हे ऑईल हवेतली ओल ओढून घेतं, रबरी होजमधून, ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणातून, आणि आपल्याकडं पण पावसाळ्याचे चार महिने हवा दमटच असते. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात आणि बहुतेक लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. रंग बघून ठरवू नका, पिवळं दिसतंय म्हणजे चांगलं असं काही नसतं.

घ्यायचं कोणतं? पहिल्यांदा जायलात, गाडी १.२ लिटरची, तर सीलबंद ताजं डॉट ४ किंवा ५.१ टाकलं तरी काम होतं, फक्त ताजं पाहिजे. टर्बो गाडी असेल किंवा तुम्ही आधी जाऊन आलात आणि आता उशिरा ब्रेक मारायची सवय लागलीय, तर सरळ रेसिंगचं डॉट ४ घ्या. मोतुल आरबीएफ ६०० चा ड्राय पॉइंट ३१२ डिग्री आहे, हौशी माणसाला तेवढं पुष्कळ झालं. कॅस्ट्रॉल एसआरएफची खासियत म्हणजे ओल शोषल्यावरपण २७० च्या आसपास राहतं, पण किंमत बघून मी तरी म्हणतो राहू द्या, त्या पैशात साधं रेसिंग ऑईल दोनदा बदलून होतं. रेसिंग ऑईल एकदा टाकलं की दोन वर्षं विसरायचं नसतं, दर वर्षी आणि शक्य असेल तर दर ट्रॅक डेच्या आधी बदलायचं. ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी सिस्टीम) असलेल्या काही गाड्यांना पातळ, लो व्हिस्कॉसिटीवालं डॉट ४ लागतं, मॅन्युअलमधी तसं लिहिलेलं असेल तर तेच बघून घ्या. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते ५.१ चा भाऊ नाही, त्याला हात लावू नका, बाकीच्यात मिसळत पण नाही.

बदलताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहा. आपल्या गॅरेजला "एअर काढणं" म्हणजे चार थेंब सांडले की झालं, पण इथं फक्त एअर काढायची नाही, जुनं सगळं बाहेर घालवायचंय. टाकीतलं जुनं आधी सिरिंजनं ओढून घ्यायचं, नवं भरायचं, मग चाकापाशी ऑईल बाहेर काढायला निपल असतो त्याला पारदर्शक नळी लावून एक जण पेडल दाबणार आणि दुसरा निपल उघड-बंद करणार. पेडल दाबलेलं असतानाच निपल बंद, मग पाय सोडायचा, उलटं केलं तर हवा आत. बऱ्याच गाड्यांत सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात असते पण एबीएसवाल्यात क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा. नळीत जुनं काळपट आणि मागून येणारं स्वच्छ असा फरक स्पष्ट दिसतो, स्वच्छ आल्यावर पण थोडं जाऊ द्या. टाकी मधी कोरडी पडू देऊ नका. छोट्या गाडीला लिटरभर धरून चाला. पोलोसारख्या काही गाड्यांत क्लच पण त्याच टाकीतून चालतो, तर ती लाईनपण बदलून घ्या. बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग खातं. आणि टाकीत चुकून इंजिन ऑईलचे थेंब जरी गेले तरी रबरी सील फुगतात, मग सगळी सिस्टीमच उघडावी लागते.

आता पॅड. दुकानात "मेटलवाले देऊ का सिरॅमिक" एवढंच विचारतात, ते पुरेसं नाही. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बारीक छापलेलं असतं, त्यात शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, ईएफ अशी. पहिलं अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार, तो ट्रॅकला नको. पण यावरच जाऊ नका, कामून की ही टेस्ट साधारण साडेतीनशे डिग्रीच्या आतच संपते आणि ट्रॅकवर पुढची डिस्क त्याच्या वर सहज जाते. त्यामुळं कंपनी त्या पॅडची तापमानाची रेंज काय सांगते ते बघायचं.

रोजचा पॅड साधारण तीनशे-साडेतीनशेला हात वर करतो. पूर्ण रेसचा पॅड सातशेपर्यंत जातो पण गार असताना पकडतच नाही, डिस्क खातो, किंचाळतो, आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर पहिल्या ब्रेकला तुमचा जीव वर येतो. हजार किलोमीटर जाऊन-येऊन करायचं असेल तर तो आपल्या कामाचा नाही, कुणी कितीही सांगू द्या. आपल्याला मधला पाहिजे, ईबीसीचा यलोस्टफ, फेरोडोचा डीएस २५००, हॉकचा एचपी प्लस या जातीचा, जो गार असताना पण धरतो आणि चारशे-पाचशेच्या आसपास पण टिकतो. आवाज करेल, अलॉय व्हील काळे होतील, ते चालवून घ्या. सगळ्या गाड्यांना हे मिळतात असं नाही, म्हणून पार्ट नंबर कॅलिपरशी जुळवून आधीच मागवा. डुप्लिकेटचा बाजार मोठा आहे, निम्म्या किमतीत कुणी द्यायला लागलं तर घेऊ नका. आणि काहीच नाही मिळालं तर ओरिजिनल पॅड नवे टाका आणि सेशन छोटे करा, चार जोरातले लॅप, एक गार करायचा.

पॅडची जाडी निम्म्याच्या खाली गेली असेल तर ट्रॅकला नेऊ नका, नुसता संपायचा प्रश्न नाही, पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनला आणि तिथून ऑईलला लवकर पोचते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, लेथवर घासून आणायच्या आधी तो आकडा बघा. मागच्या ड्रमचे लायनर (आत घासणारं अस्तर) नीट ॲडजस्ट करून घ्या, बाकी तिथं पैसे घालायची गरज नाही.

नवे पॅड बसवून लगेच ट्रॅकवर गेलात तर पैसे वाया. ८० वरून १५-२० पर्यंत दमदार ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, असं आठ-दहा वेळा करायचं आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गार होऊ द्यायचं. यानं पॅडचा सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या पॅडवर ब्रेक दाबून उभं राहिलात तर तिथंच डाग बसतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली, बऱ्याचदा तो थरच उंचसखल झालेला असतो. हे पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून करा. समृद्धीवर करू नका, मागून १२० नं येणाऱ्याला तुमचे पॅड नवे आहेत हे माहीत नसतं.

ट्रॅकवर ब्रेक जोरात आणि थोडा वेळ मारायचा, हळूहळू लांबवर घासत आणायचा नाही. पेडलमधी जरा फरक वाटला की लगेच वेग कमी करा आणि पिटला या, अजून एक लॅप होतो का बघू असं नको. शेवटचा लॅप शक्यतो ब्रेक न वापरता. पिटमधी आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमधी टाका आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी तर अजिबात नाही.

ऑईल एकदा उकळलं असेल तर गार झाल्यावर पेडल परत टणक वाटू शकतं, तरी परतीच्या प्रवासाच्या आधी तिथंच ब्लीड करून घ्या, म्हणजे निपलमधून उकळलेलं ऑईल आणि हवा काढून नवं भरा, त्यासाठी अर्धा लिटर सीलबंद बाटली, नळी आणि निपलचा पाना डिक्कीत ठेवा. घरी आल्यावर चाकं काढून आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही बघा, एक जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या स्लाईड पिन (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) बहुतेक जाम आहेत, साफ करून ब्रेकच्या ग्रीसनं बसवा. फोडलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी झाकण लावून ठेवू नका, ती तोवर ओल ओढून बसलेली असते. उरलेलं आठवडाभरात कुणाच्या गाडीत वापरलं गेलं तर ठीक, नाहीतर टाकून द्या.