हिस्टरी दाबली तर कालच्याच कमांड! (सर्व्हरवर नवीन बसणाऱ्यांसाठी)

पहिल्या जॉबला दोनच महिने झाले होते. रात्रीची शिफ्ट, क्लायंटचा उबुंटू सर्व्हर, आणि मी आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) रूल हाताने टाकत, काढत, परत टाकत तीन तास झटापट करत होतो, शेवटी कसंबसं सगळं चालू झालं आणि थोड्याच वेळात सर्व्हर ठप्प. पॅनलवरून हार्ड रिसेट मारला. सर्व्हर वर आला पण रूल कुठे सेव्ह केलेच नव्हते, ते गेले. म्हटलं जाऊ दे, हिस्टरी आहे ना, म्हणजे आधी टाइप केलेल्या कमांडची यादी. वरचा ॲरो दाबला तर कालच्या कमांड, आजची एकही नाही!

सकाळी सिनियर म्हणाला, "अरे, तू एक्झिट केल्याशिवाय बॅश फाइलमध्ये लिहीतच नाही." बॅश म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. तुम्ही टाइप केलेलं सगळं आधी त्याच्या मेमरीत असतं, सेशन नीट बंद झालं की मग ते होम फोल्डरमधल्या डॉट बॅश हिस्टरी नावाच्या फाइलमध्ये जातं. साधं नेट तुटलं तरी बहुतेक वेळा लिहिलं जातं, पण हार्ड रिसेट किंवा किल मायनस नाइन (प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणारी कमांड) बसला की गेलं. दोन टर्मिनल उघडे असले की एकातलं दुसऱ्यात का दिसत नाही याचं उत्तरही हेच.

उपाय एका ओळीचा आहे. होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रॉम्प्ट कमांड नावाच्या व्हेरिएबलला 'हिस्टरी डॅश ए' द्यायचं, मग प्रत्येक कमांडनंतर लगेच फाइलमध्ये लिहिलं जातं. तिथेच साइज पण वाढवून घ्या, उबुंटूमध्ये मेमरीत 1000 आणि फाइलमध्ये 2000 ओळी एवढंच असतं आणि बॅशचं स्वतःचं डिफॉल्ट तर 500 च. आणि हिस्ट टाइम फॉरमॅट (प्रत्येक कमांडपुढे वेळ दाखवणारं व्हेरिएबल) आजच सेट करा, प्रॉब्लेम आल्यावर नको, कारण वेळ नोंदवायला सुरुवात त्यानंतरच होते. मी उशिरा सेट केला आणि सगळ्या जुन्या कमांडपुढे एकच वेळ, म्हणजे मी लॉगिन केलं ती! क्षणभर वाटलं कुणीतरी स्क्रिप्ट चालवली.

आता पासवर्डचा घोळ. मायएसक्यूएल या डेटाबेसला डॅश पी ला चिकटवून पासवर्ड देतात ना, तो जसाच्या तसा हिस्टरीत बसतो. कमांडच्या आधी एक स्पेस द्या, सेव्ह होत नाही, हा सल्ला सगळे देतात आणि उबुंटूवर तो बरोबर आहे, कारण तिथे हिस्ट कंट्रोल (हिस्टरीत काय गाळायचं ते ठरवणारं व्हेरिएबल) 'इग्नोअर बोथ' असतं. पण रेड हॅटवाल्या सर्व्हरवर डिफॉल्ट 'इग्नोअर डुप्स' असतं, ते फक्त लागोपाठ आलेली तीच कमांड गाळतं, स्पेसकडे बघत पण नाही. मी उबुंटूच्या सवयीने तिकडे स्पेस देऊन निवांत बसलो होतो. त्यामुळे नवीन सर्व्हरवर आधी ते व्हेरिएबल एको कमांडने छापून बघा. पासवर्ड गेलाच असेल तर 'हिस्टरी डॅश डी' आणि ओळीचा नंबर देऊन तो मेमरीतून जातो, पण वरची डॅश ए वाली ओळ टाकली असेल तर तो फाइलमध्ये ऑलरेडी पोचलाय, तिथून वेगळा काढावा लागतो. आणि काढलात तरी पासवर्ड बदलाच. सगळ्यात बरं म्हणजे डॅश पी नुसतं द्या, पुढचं तो स्वतः विचारतो.

हिस्टरीत शोधायला कंट्रोल आर मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. दोन-तीन अक्षरं टाइप केली की जुनी कमांड समोर, परत कंट्रोल आर दाबलं की त्याच्या मागची. फक्त सापडली की लगेच एन्टर मारू नका, उजवा ॲरो दाबा म्हणजे ती ओळ प्रॉम्प्टवर येते, मग नीट वाचा. मी 'रे' टाइप केलं, मला एन्जिनएक्स (वेब सर्व्हर प्रोग्राम) रीस्टार्ट करायचं होतं, स्क्रीनवर आलं होतं रीबूट. एन्टर दाबून झाल्यावर वाचलं. भर दुपारी.

आणि हो, शोधताना एखादी कमांड पुढे निघून गेली तर लोक म्हणतात कंट्रोल एस ने उलटं या. बऱ्याच ठिकाणी त्याने टर्मिनलच गोठतं, टाइप केलेलं काही दिसत नाही. घाबरून रिसेट मारायला धावू नका, सर्व्हर हँग झालेला नसतो. कंट्रोल क्यू दाबा, सुटतं.