कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काय न्यायचं?

गोराई-मनोरीत अंगणात गावठी कोंबड्या पाळणारा असो की पनवेल-कर्जतकडे ब्रॉयलरची शेड चालवणारा, मर लागली की निदान ठरलेलं: हिरवी हगवण, मान वाकडी, म्हणजे मानमोडी (राणीखेत, हा विषाणूचा रोग). लगेच दुकानातून अँटिबायोटिक. विषाणूवर ते चालत नाही. आणि मान ब-१ जीवनसत्त्व कमी पडलं तरीही वाकडी होते.

आधी वही उघडा. पक्ष्यांचं वय, रोजची मर, लसीची तारीख, अंड्यांचा आकडा. वयावरूनच निम्मा उलगडा होतो. ३ ते ६ आठवड्यांची पिल्लं मलूल झाली, तर संशय गंबोरोचा. तलंगा (अंडी सुरू व्हायच्या आधीच्या तरुण कोंबड्या) एक पाय पुढे, एक मागे टाकून पडल्या, तर मॅरेक्सचा. कवच सुरकुतलेलं, बलक भोवतीचा पांढरा भाग पाण्यासारखा, तर ब्राँकायटिस. तुऱ्यावर खपल्या, तर देवी रोग.

मग शेडमध्ये एकच गोष्ट बघा: एका-दोन दिवसांत धडाधड मर, तुरा निळसर, डोकं सुजलेलं, पायांवर लाल डाग? तसं असेल तर हात लावू नका, कापू नका, कुठे नेऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ वर फोन करा. बर्ड फ्लूचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आपल्याच नवापूरला झाला होता.

तसं काही नसेल, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला (१८८६ सालापासून तिथे आहे) आधी फोन करून विचारा. दोन-तीन आजारी पक्षी आणि नुकताच मेलेला एखादा हवा. मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फासह थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नको, गोठलेल्या उतीतून सूक्ष्मदर्शकाखाली नीट काही दिसत नाही. आणि हो, हे खोकं घेऊन लोकलमध्ये चढू नका.

शवविच्छेदनात डॉक्टर गिझार्डआधीच्या (दाणे दळणाऱ्या पोटाआधीच्या) जठराच्या आत रक्ताचे ठिपके शोधतात, ते मानमोडीकडे बोट दाखवतात. गुदद्वारावरची बर्सा नावाची गाठ सुजलेली असेल, तर गंबोरो. मांडीच्या नसांपैकी एकच जाड झाली असेल, तर मॅरेक्स. पण हे सगळे संशयच. मानमोडीचं शिक्कामोर्तब घशाच्या व गुदद्वाराच्या स्वॅबवर पीसीआर केल्यावर, किंवा ९ ते ११ दिवसांच्या गर्भित अंड्यात विषाणू वाढवल्यावर होतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत रक्ताच्या चाचणीत होते. लासोटा ही मानमोडीची लस दिलेल्या कोंबडीच्या रक्तात त्या रोगाची प्रतिपिंडं असणारच. एकाच रिपोर्टवरून रोग ठरवू नका. २-३ आठवड्यांनी त्याच कळपाचं रक्त पुन्हा द्या, प्रतिपिंडांचे दोन्ही आकडे शेजारी ठेवा, वाढले का ते बघा. अर्थात, लसीची तारीख वहीत असेल तरच.