चिनी भाषक विद्यार्थ्याला ‘थिक’ कसा शिकवावा

‘थिक म्हणजे जाड’ हे आपण शाळेत घोकलं आणि मोकळे झालो. मँडरिन बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हाच शब्द शिकवायला बसलं की त्याची पंचाईत कळते. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे त्याच्याकडे चार-पाच आहेत.

आधी त्याच्या भाषेतले कप्पे समजून घ्या. पुस्तक, भिंत, रजई, बर्फाचा थर अशा पसरट वस्तू जाड असल्या तर ‘हौ’. दोरखंड, झाडाचा बुंधा, मनगट यांना मात्र ‘त्सू’. आपल्याला दोन्ही जाडच, त्याला नाही. धुकं आणि धूर ‘नोंग’, तांदळाची पेज ‘छौ’, आणि जंगलासाठी आणखी वेगळा शब्द. यात हसण्यासारखं काही नाही. आपणही धुकं दाट आणि खीर घट्ट म्हणतोच.

मग एका कागदावर पुस्तक, दोर, धुकं आणि पेजेचा वाडगा काढा. चित्राखाली त्याचा त्याचा चिनी शब्द त्यालाच लिहू द्या. शेवटी सगळ्यांभोवती एकच गोल काढून वर ‘थिक’ लिहा. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं.

पुढचं काम चुका पकडण्याचं. ‘त्सू’चा अर्थ खरबरीत, ओबडधोबड असाही होतो, म्हणून जाड दोर सांगताना विद्यार्थी ‘रफ रोप’ म्हणून जातो. ‘नोंग’ची गंमत याहून मोठी. चिनीत चहाही ‘नोंग’ असतो, म्हणजे आपला कडक. त्यामुळे तो बिनदिक्कत ‘थिक टी’ मागतो. इथे त्याला चव आणि ओघ यांतला फरक दाखवा: चवीला कडक असेल तर ‘स्ट्राँग’, ओतताना संथ पडत असेल तर ‘थिक’. चहा स्ट्राँग, सूप थिक.

वाक्यरचनेकडेही लक्ष ठेवा. ‘धिस बुक व्हेरी थिक’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. चिनीत अशा वाक्यात ‘आहे’ लागत नाही, आणि विशेषणाआधी ‘हन’ हा शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘खूप’, पण बोलताना बहुतेक वेळा त्यात ‘खूप’चा जोर नसतो. म्हणून एकाच वेळी दोन दुरुस्त्या सांगा: ‘इज’ घाल, आणि पुस्तक खरंच खूप जाड नसेल तर ‘व्हेरी’ काढ.

माणसांबद्दल बोलताना जास्त जपायला हवं. चिनीत ‘हौदाओ’ म्हणजे सरळ, दिलदार माणूस. ‘हौ’ला तिथे चांगला वास आहे. इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात, माणूस ‘थिक’ म्हणजे मठ्ठ. ‘थिक-स्किन्ड’चं नेमकं उलटं. चिनीत चेहऱ्याची कातडी जाड असणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि आपली गेंड्याची कातडीही फारशी कौतुकाची नाही. इंग्रजीत मात्र टीका मनाला लावून न घेणाऱ्याला असं म्हणतात, आणि पुष्कळदा ती शाबासकी असते. साहेबाने ‘जरा थिक-स्किन्ड व्हा’ म्हटलं तर रागवायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

उच्चार मी शेवटी घेते, कारण तिथे शिक्षकाचीही परीक्षा असते. मँडरिनमध्ये ‘थिक’च्या सुरुवातीचा ध्वनी नाही, म्हणून ‘थिक’चं ‘सिक’ होतं आणि दाट धुकं आजारी पडतं. पण आपला मराठी ‘थ’ही इंग्रजी नव्हे. आपण जीभ दातांना टेकवून हवा अडवतो आणि मग सोडतो. इंग्रजीत जिभेचं टोक दातांमध्ये हलकं ठेवून हवा सलग जाऊ द्यायची असते. दोघांनी आरशासमोर बसून करा. नंतर ‘थिक-सिक’, ‘थिंक-सिंक’, ‘माउथ-माउस’ अशा जोड्या घ्या. एकाने एक शब्द म्हणायचा, दुसऱ्याने डोळे मिटून कोणता ते ओळखायचं. माझं पहिलं ‘थिक’ माझ्या विद्यार्थिनीला ‘टिक’ ऐकू आलं होतं.