दिवस राहत नाहीत? आधी या चुका टाळा

सोळा वर्षं झाली मला वीर्य तपासणीच्या टेबलावर, माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी. बायकोचं थायरॉईड होतं, प्रोलॅक्टिन होतं, चार सोनोग्राफ्या, नळ्यांचा एचएसजी, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का बघायचा एक्स-रे (दुखतो तो चांगलाच), कुठल्याशा बाबाचा अंगारापण होतो आणि साहेब म्हणतात मला काय धाड भरलीये. अहो, साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही सापडतंच, आणि तुमची तपासणी स्वस्त, सुईसुद्धा टोचत नाही.

एक जोडपं आलेलं, बायकोची तीन वर्षांची फाईल ही एवढी जाड, दुर्बिणीची तपासणीही झालेली. नवरा असला तगडा की शर्टाच्या बाह्या उसवतील. स्लाईड बघितली तर एकही शुक्राणू नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून तळाचा गाळ परत बघितला, शून्य. औषधं घेता का विचारलं तर नाही म्हणाला, जिम म्हटल्यावर मात्र गप्प. ट्रेनरने दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, दीड वर्ष! पुरुषाचंच हार्मोन आहे म्हणजे फायदाच होणार असा हिशोब. होतं उलटंच, बाहेरून आयतं मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडायचं जवळपास थांबवते, मग वृषणांना काम करायचा निरोपच जात नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली, आठ महिन्यांनी स्लाईडवर थोडे थोडे दिसायला लागले. तोवर बायको 36 ची झाली होती.

दुसरे घाईवाले. तंबाखू सोडून पंधरा दिवस झाले, आता रिपोर्ट करा म्हणे. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, आज जे दिसतायत ते तुमच्या जुन्या गुटख्याच्या काळातले. डेंग्यू-टायफॉईडसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तरी तेवढंच थांबा, आणि एकाच रिपोर्टवर रडारड नको, मी तर दुसरा बघितल्याशिवाय मनावरच घेत नाही.

पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशीच बीज फुटतं, हे खूळ कुणी काढलं देव जाणे. बीज फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, म्हणजे पाळी 35 दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. बीज टिकतं 12 ते 24 तास, शुक्राणू आत 5 दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून बीज फुटायच्या आधीचे दिवस महत्त्वाचे. अ‍ॅप बघून ड्युटी लावल्यासारखं करण्यापेक्षा पाळी संपली की एक दिवसाआड संबंध ठेवा, विषय संपला.

बायकोच्या रक्ततपासणीत एएमएच हे हार्मोन कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, ते बीजांचा साठा सांगतं, दर्जा नाही.

बायको 35 च्या पुढे असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका, 6 महिन्यांत डॉक्टर गाठा.

वीर्याचं सॅम्पल शेवटच्या वीर्यपतनानंतर 2 ते 7 दिवसांच्या अंतराने द्या. साध्या कंडोममधून आणू नका. घरून आणायचं तर शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला, तासाभरात, एकाने बर्फाच्या डब्यात आणलं होतं, वर म्हणतो ताजं राहावं म्हणून.

आणि डबीवर नाव लिहा हो, रोज एकतरी बिननावाची येते.